गरब्याच्या आधी टाचांकडे बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्राला दोन महिने राहिले की तुमच्या पेपरात पासचे भाव, चणियाचोळीची फॅशन, कुठल्या ग्राउंडवर कोण गाणार हे सगळं यायला लागतं, मी पण आवडीने वाचते, पण नऊ रात्री ज्या पायांवर नाचायचं त्यांच्याबद्दल एक ओळ येत नाही, म्हणून हे पत्र.

मी दांडियाबाजारात राहते, वय ५१, शाळेत शिकवते त्यामुळे दिवसाचे पाच-सहा तास उभं राहणं आलंच. गेल्या वर्षी आधी कसली सवय नाही आणि एकदम नऊ रात्री तीन-तीन तास गरबा. आपल्या बडोद्यात मोठ्या ग्राउंडवर गरबा अनवाणीच करतात, तो देवीचा मान आहे आणि मला तो सोडायचाही नाही. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला तर उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ आली, चार पावलं चाललं की कमी व्हायची आणि जरा वेळ बसून उठलं की परत तीच.

सासूबाई म्हणाल्या वात आहे, रोज रात्री काशाच्या वाटीने तळवे घासून द्यायच्या, त्याने झोप छान लागायची पण सकाळची कळ तशीच. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, टाचेचं हाड वाढलंय म्हणाले आणि त्याच दिवशी इंजेक्शन दिलं. दीड महिना बरं वाटलं, मग होतं तिथेच.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी नीट समजावलं. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया म्हणतात त्याला. एकदम जास्त भार पडला की तो टाचेपाशी दुखावतो, रात्री पाय सैल असतो तेव्हा आखडून बसतो आणि सकाळी पहिल्या पावलाला ताणला जातो म्हणून ती कळ. वाढलेलं हाड तर अजिबात दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत पण दिसतं. इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण ते परत परत घेतलं तर पट्टा कमजोर होऊन तुटू शकतो आणि टाचेखालची चरबीची गादी पण झिजते, हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

मी काय केलं ते लिहिते. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे खेचून १० आकडे मोजायचे, असं १० वेळा आणि दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या कारण पोटरी आखडली की टाचेवरचा ताण वाढतो. कळ जरा कमी झाल्यावर पायरीवर उभं राहून बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि एक दिवसाआड टाचा सावकाश वर-खाली करायच्या. हे शेवटचं मला सगळ्यात लागू पडलं, आधी थोडं दुखतं पण पट्ट्याला ताकद येते. बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. घरात कोटा स्टोनची फरशी, तिच्यावर अनवाणी चालणं बंद केलं, स्वयंपाकघरात चप्पल सासूबाईंना चालत नव्हती तर घरातली मऊ चप्पल वेगळी ठेवली, आता त्या स्वतःच पण घालतात. चालणं पूर्ण बंद नाही केलं, कमाटीबागेत आधी दहा मिनिटं मग हळूहळू वाढवलं. पूर्ण बरं व्हायला आठ महिने लागले. बहुतेकांचं वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण धीर धरावा लागतो.

डायबेटिस असेल तर मात्र आधी डॉक्टरांना पाय दाखवा, बधिर पायावर बर्फ किंवा गरम पाण्याचे प्रयोग नकोत. मुंग्या येत असतील, सूज असेल, रात्री झोपेत पण दुखत असेल किंवा टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल तर घरी व्यायाम करत बसू नका.

ज्यांना यंदा नऊही दिवस खेळायचंय त्यांनी पोटऱ्या ताणणं आणि टाचा उचलणं आजपासून सुरू करा, गरब्याची प्रॅक्टिस पण आधी अर्धा तास मग दर आठवड्याला थोडी थोडी वाढवा. आणि आयोजकांना विनंती की चपला ठेवायची सोय ग्राउंडच्या अगदी कडेला करा, पार्किंगपासून डांबरी रस्त्यावरून अनवाणी यावं लागतं, आणि खेळायच्या जागेतली खडी रोज संध्याकाळी वेचून घ्या. तुम्ही पण नवरात्राच्या पानावर एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून हे व्यायाम फोटोसकट लिहून घेतले तर आमच्या शाळेतल्या निदान चार बायकांना तरी लगेच उपयोग होईल, चौघींची सकाळ सध्या पलंगाची कड धरूनच सुरू होते.

आपली,
एक वाचक, दांडियाबाजार, बडोदा