जमातीचा हिशेब रमजान ते रमजान किती दिवस?

महोदय,

कोकणातल्या बहुतेक जमातींचा, म्हणजे गावोगावच्या मुस्लिम समाजाच्या संघटनांचा, जमाखर्च एका रमजानला सुरू होतो आणि पुढच्या रमजानला संपतो. जकात येते, वाटली जाते, मशिदीला रंग लागतो, मकतबच्या (लहान मुलांच्या धार्मिक वर्गाच्या) मौलानांचा पगार निघतो. आखाताचा पैसा येत होता तोवर हे निभावले. १९७० नंतर दोन पिढ्यांनी दुबई, कुवेत, सौदीतून पाठवलेल्या रकमांवर रायगड-रत्नागिरीतल्या किती तरी मशिदी, शाळा, सभागृहे उभी राहिली. सौदीने २०११ मध्ये निताकत लागू करून नोकऱ्या स्थानिकांसाठी राखायला घेतल्या, तेव्हाच हा ओघ कायमचा नाही हे कळायला हवे होते. तरीही वीस वर्षांचा आराखडा कागदावर असलेली जमात आजही शोधावी लागते.

आमच्या मते आराखडा अडतो तो पैशाचे प्रकार एकत्र केल्यामुळे. जकात वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के, आणि ती कुणाला द्यायची ते आठ वर्ग कुराणानेच ठरवून दिले आहेत. ती गरजूच्या हाती पडली पाहिजे आणि विनाकारण अडकवून ठेवता येत नाही. मशिदीचे बांधकाम, इमामांचा पगार, कब्रस्तानाची भिंत तिच्यातून होत नाही. म्हणजे रमजानमध्ये सर्वांत जास्त जमणारा पैसा दीर्घ मुदतीच्या निधीला चालतच नाही. लांबचे काम लिल्लाह रक्कम (अल्लाहच्या नावाने दिलेली खुली देणगी), सदका (ऐच्छिक दान) आणि वक्फ (धर्मकार्यासाठी कायमची दिलेली) मिळकतीचे भाडे यांवरच उभे राहणार. यासाठी जकात, लिल्लाह-सदका आणि भाडे अशी पावती पुस्तके तीन हवीत, तीन रंगांची. एकाच पुस्तकावर ‘देणगी’ असे लिहून घेतले की वर्षअखेरीस कोणती रक्कम कशाची हे खजिनदारालाही सांगता येत नाही. गरजू घराला जकात दरमहा थोडी थोडी द्यायची असेल तर आधी मुफ्तींचे (धर्मशास्त्राच्या जाणकारांचे) लेखी मत घ्यावे. नंतर वाद झाला की आधी बंद पडते ते वाटप.

शिष्यवृत्तीचे उदाहरण घ्या. समिती ठरवते, दर वर्षी १० नवी मुले, प्रत्येकी ३० हजार. पहिल्या वर्षी खर्च ३ लाख, सगळे खूश. पण पदवी चार वर्षांची असेल तर दुसऱ्या वर्षी ६ लाख, तिसऱ्या वर्षी ९ आणि चौथ्या वर्षापासून कायम १२ लाख लागतात. योजना तिसऱ्या वर्षी मोडते ती इथे, आणि तेव्हा तिसऱ्या वर्षाला पोचलेले मूल मध्येच लटकते. गाळ्यांचे वार्षिक भाडे मिळकतीच्या किमतीच्या ५ टक्के धरले तर १२ लाखांसाठी २ कोटी ४० लाखांची मिळकत हवी. म्हणजे एका वेळी शिकणाऱ्या ४० मुलांपैकी प्रत्येकामागे ६ लाखांची. हा आकडा बैठकीत फळ्यावर लिहावा आणि मग ठरवावे की मुले १० घ्यायची की ३. गरजू मुलाची फी जकातीतून थेट देता येते, म्हणून ती तिकडून द्यावी. शिक्षकाचा पगार, अभ्यासिका, मुलींच्या वाहनाची तजवीज हा भार भाड्याच्या उत्पन्नावर ठेवावा. सातवीपर्यंतच्या उर्दू शाळेनंतर पुढची शाळा लांब असते आणि पोरगी घरी बसते. तिथे शिष्यवृत्तीपेक्षा वाहनाचा खर्च जास्त कामाचा ठरतो. आज पाचवीत असलेले मूल इंजिनीअर व्हायला किमान ११ वर्षे लागतात. समितीची मुदत त्याच्या निम्मीही नसते.

मूळ निधी साठवताना आयकराचा नियम पाहावा लागतो. नोंदणीकृत ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करायचे असतात. त्यातले काही शिल्लक ठेवायचे तर कारण लिहून फॉर्म भरावा लागतो आणि तेही पाच वर्षांपर्यंतच. पण देणगीदाराने ‘ही रक्कम कॉर्पससाठी (मूळ निधीसाठी)’ असे लेखी दिले, आणि ट्रस्टने ती कायद्याला मान्य असलेल्या प्रकारांत वेगळी गुंतवली, तर ती या हिशेबातून बाहेर राहते. स्थावर मिळकत त्या मान्य प्रकारांत बसते, म्हणून व्याज टाळू पाहणाऱ्यांसाठी भाड्याचा गाळा हाच सरळ रस्ता. चिठ्ठी नसली की तीच रक्कम उत्पन्न ठरते आणि तीन-चार वर्षांनी नोटीस येते. आणखी एक गोष्ट. एकाच धर्माच्या लोकांच्या लाभासाठी काढलेल्या ट्रस्टच्या देणगीदाराला आयकरातली सवलत (१९६१च्या कायद्यातले कलम ८०-जी) मिळत नाही. शिक्षण आणि दवाखाना यांसाठी वेगळा, सर्वांना खुला ट्रस्ट काढावा आणि मशीद-कब्रस्तानाचे काम जमातीकडे ठेवावे. गावातले हिंदू मूलही त्या अभ्यासिकेत बसले तर आम्हाला आनंदच आहे.

परदेशातल्या पैशात मोठी गफलत होते. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. तोच माणूस ब्रिटिश किंवा दक्षिण आफ्रिकी नागरिक झाला की त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले तरी त्याची रक्कम परदेशी देणगी ठरते. ती घ्यायला एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले खाते लागते. केपटाऊनला चार पिढ्या राहिलेल्या कोकणी घराने प्रेमाने पाठवलेल्या रकमेमुळे पूर्ण जमात अडचणीत येऊ शकते. पाठवणाऱ्याकडून पासपोर्टची प्रत आधी घ्यावी.

आता कब्रस्तान. याचा हिशेब कुणी मांडत नाही, कारण विषय काढायलाच जड जाते. जमात ३,००० माणसांची असेल तर वर्षाला साधारण २० दफने धरावीत. एका कबरीला चालायच्या जागेसह १० बाय ४ म्हणजे ४० चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. वाट, भिंत, झाडे यांसाठी पाव भाग सोडला की गुंठ्यात २० कबरी बसतात. म्हणजे वर्षाला एक गुंठा. मय्यत (मृतदेह) पूर्ण माती झाल्यावर ती जागा पुन्हा वापरता येते. २० वर्षांची फेरी धरली तर २० गुंठे, म्हणजे अर्धा एकर, कायमचा पुरतो. अट एवढीच की रांगा उत्तर-दक्षिण, क्रमांक घातलेल्या, आणि दफनाची तारीख वहीत. हे नसेल तर नवी कबर खणताना जुनी लागते आणि घराघरांत भांडणे होतात. पक्क्या कबरी ही दुसरी अडचण. वर्षाला पाच जरी सिमेंटच्या बांधल्या तर वीस वर्षांत १०० कबरी, म्हणजे पाच गुंठे कायमचे गेले. कोकणी मुसलमान पाळतात त्या शाफई मताप्रमाणे सार्वजनिक कब्रस्तानात कबरीवर बांधकाम करणे मनाच आहे. मौलानांनी हे जुम्याच्या खुतब्यात (शुक्रवारच्या प्रवचनात) सांगितले तर समितीला घरोघरी वाईटपणा घ्यावा लागणार नाही.

जमीन घेताना स्वस्त कातळाच्या मोहात पडू नये. सड्यावर (कातळाच्या पठारावर) पाच फूट खणायला ब्रेकर लागतो, आणि मय्यत घरात असताना ब्रेकर शोधत फिरणे फार क्लेशाचे. कातळच घ्यावा लागला तर मुरमाचा पाच फूट भराव करावा. एका गुंठ्याला ५४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), दबून बसणारा धरून ६५ ते ७०. भोवती चिऱ्याची भिंत, पाणी जायला भिंतीत भोके, आणि मुरमाची रॉयल्टी तहसीलमध्ये आधी भरलेली. पहिले दोन पावसाळे भराव खचतो, तोवर तिथे दफन करू नये. म्हणजे जुनी जागा संपायच्या तीन वर्षे आधी काम सुरू झाले पाहिजे. खाडीलगतची जागा उलट बाजूने फसवते, जुलैमध्ये खड्ड्यात पाणी उभे राहते.

कागदांचे थोडक्यात. पुष्कळ जुन्या कब्रस्तानांच्या सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून मूळ दात्याचे नाव असते आणि कब्रस्तानाचा उल्लेख इतर हक्कांत. पुढे वारसनोंद होते, नातवंडे मुंबईत असतात आणि एक दिवस जमीन विकायला निघते. दाता किंवा त्याची मुले हयात आहेत तोवर नोंदणीकृत दस्त, फेरफार आणि भूमी अभिलेखची मोजणी करून घ्यावी. जून २०२५ मध्ये वक्फ मिळकतींसाठी ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झाले आणि सहा महिन्यांची मुदत मिळाली, तेव्हा याच गोष्टी नडल्या. सर्व्हे नंबर जुना, क्षेत्र जुळत नाही, कागदावरचे मुतवल्ली (वक्फचे व्यवस्थापक) केव्हाच वारलेले. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले होते की देशातल्या वक्फ मिळकतींवर वर्षाला फक्त १६३ कोटी रुपये उत्पन्न येते, आणि नीट वापर झाला तर ते १२ हजार कोटींपर्यंत जाऊ शकते. सरकारी दोष त्यात आहेतच. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या भाड्याने गाळे वापरणारे आपलेच लोक असतात, हेही सांगायला हवे.

मुंबईत भेंडीबाजारचे उदाहरण समोर आहे. दाऊदी बोहरा समाजाने २००९ मध्ये ट्रस्ट काढून साडेसोळा एकरांचा पुनर्विकास हाती घेतला, आणि आधी संक्रमण घरांची सोय करून मगच पाडकाम केले. तिथे धर्मगुरूंचा एक शब्द चालतो. आपल्या जमातीत तसे नाही, दर निवडणुकीत समिती बदलते. अंजुमन-ए-इस्लाम ही मुंबईतली शिक्षणसंस्था १८७४ पासून टिकली ती संस्था व्यक्तीहून मोठी ठेवली म्हणून. जमातीपुरता उपाय असा: विश्वस्तांपैकी एक तृतीयांशच एका वेळी बदलावेत. मूळ निधीला हात लावायला आमसभेत तीन चतुर्थांश मते लागतील असे घटनेत लिहावे. मूळ दस्त बँकेच्या लॉकरमध्ये, दोघांनी मिळूनच उघडायच्या. आमसभेत बायकांचे मत घेतले जात नाही तिथे ते घ्यावे, कारण शाळा सुटलेल्या मुलींची आणि एकट्या विधवांची खरी यादी त्यांच्याकडे असते.

सुरुवात कुटुंबनोंदीने करावी, तीही मे महिन्यात, चाकरमानी गावात असतात तेव्हा. वय, इयत्ता, माध्यम, कोण परदेशात, कोण एकटे, कुणाला कायमचा आजार, एवढे सहा रकाने पुरतात. उत्पन्न विचारू नये. लोक खरे सांगत नाहीत आणि मग बाकीची माहितीही दडवतात. वही कागदाचीच असावी आणि तिचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरू नयेत. मोजणीचा अर्ज त्याच महिन्यात द्यावा, पावसाळा लागला की मोजणी पुढे ढकलली जाते.

– जमातींच्या हिशेबाचे व जमिनींच्या कागदांचे काम पाहणारे काही कार्यकर्ते, रत्नागिरी जिल्हा