नवगावच्या दफनभूमीत दगड वाचताना

चि. मीरास,

अनेक आशीर्वाद.

अलिबागजवळच्या नवगावच्या ज्यू दफनभूमीची नोंद करायला निघालीच आहेस, तर शनिवार टाळ. शब्बाथला, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ज्यू मंडळी दफनभूमीत जात नाहीत. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून ज्यांना साऱ्या अष्टागरात, अलिबागच्या किनारपट्टीत, 'शनिवार तेली' म्हणत, त्यांच्याच जागेत शनिवारी टेप घेऊन फिरणं बरं दिसत नाही.

आधी ते दोन उंचवटे पाहा. बेने इस्रायलांची, म्हणजे या कोकणातल्या ज्यू समाजाची, परंपरा सांगते, की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि वाहून आलेली प्रेतं इथे पुरली गेली. एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. हे केव्हा घडलं याबद्दल मतं अनेक आहेत. काही जण थेट इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापर्यंत जातात. उंचवट्यांवर अक्षर नाही, त्यामुळे नोंदीत 'परंपरेनुसार' हा शब्द हवाच. शेजारचा स्मारकस्तंभ अलीकडचा आहे; त्यावरून जुनेपणा सिद्ध करायला जाऊ नकोस.

तुझं खरं काम लेख असलेल्या दगडांचं. नवगावनंतर अलिबागकडच्या बाकीच्या दफनभूमीही करशील, तिथेही हेच लागू. दगडांवर मराठी, हिब्रू, इंग्रजी असं मिश्रण भेटेल, आणि एकाच माणसाचं नाव दोन तऱ्हांनी असू शकतं. समाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल, अबाजी म्हणजे अब्राहम. मुंबईत 1796 मध्ये सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे समाजी हसाजी दिवेकर हेच सॅम्युएल इझिकेल. म्हणून नावाचे दोन रकाने ठेव, नाहीतर एका माणसाचे दोन होतील. आडनाव बहुधा गावावरूनच असतं: किहीमकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर. गावाचा रकाना मात्र त्यावरून भरू नकोस. पेणकर पेणमध्येच राहत होता असं नाही.

हिब्रू साल अक्षरांत असतं, उजवीकडून वाचायचं, आणि 5000 बहुधा गाळलेले असतात. ताव 400, शीन 300, रेश 200, कोफ 100. बेरीज करून त्यात 1240 मिळव. ताव-शीन-हेत म्हणजे 708, म्हणजे 1948. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिश्री महिन्यात सुरू होतं, म्हणून तेव्हापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला 1239 मिळवायचे. खरी फसगत हे (5) आणि हेत (8) यांच्यात होते. दोन्ही अक्षरं सारखी, फक्त 'हे'चा डावा पाय वरच्या रेघेपासून सुटलेला असतो. त्या फटीत शेवाळ भरलं की पाचाचे आठ होतात आणि माणूस तीन वर्षं उशिरा मरतो. शंका आली तर अक्षर जसं दिसतं तसं चितार आणि पुढे प्रश्नचिन्ह घाल.

शेवाळासाठी साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. आधी बोटाने हलकेच टकटक करून बघ. पोकळ आवाज आला किंवा पापुद्रा सुटत असेल तर ब्रशही नको. तारेचा ब्रश, ब्लीच, फरशीचं अ‍ॅसिड अजिबात नको. संगमरवर हा चुनखडीच्याच जातीचा, अ‍ॅसिडने विरघळतो. खाऱ्या वाऱ्यात तो आधीच साखरेसारखा दाणेदार झालेला असतो आणि अक्षरांच्या कडा पहिल्यांदा जातात. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवायची टूमही सोड. ते भोकांत बसतं, पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी धरते.

त्यापेक्षा उजेड वापर. सकाळी लवकर ऊन तिरकं असतं तेव्हा फोटो घे. दगड सावलीत असेल तर दुसऱ्या कोणाला आरसा धरायला सांग आणि बाजूने, जवळजवळ दगडाला समांतर, कवडसा पाड; कोरलेली खाच सावली धरते. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि थडग्याचा क्रमांक हवा. क्रमांक खडूने दगडावर लिहू नकोस, कागदाची पाटी शेजारी ठेव.

थडग्यांवर छोटे खडे ठेवलेले दिसले, तर ते भेटीला आलेल्यांनी ठेवलेले असतात. साफसफाईच्या नादात झाडून टाकू नकोस. पिंपळाचं रोप फटीत असेल तर उपटू नकोस, मुळाबरोबर सांधा निघतो. फांदी छाटून नोंद कर आणि जागेची व्यवस्था पाहणाऱ्यांना कळव. आत जाण्याआधी परवानगीही त्यांचीच घे. बरोबरच्या मुलांना टोपी न्यायला सांग, आणि निघताना सगळ्यांनी हात धुवा. तशी पद्धत आहे. नळ असेलच असं नाही, पाण्याची एक बाटली जास्त ने.

तुझी,
आई