कळलावी जंगलातून उपटू नका

संपादक महोदय, नमस्कार,
पावसाळ्यात सह्याद्रीत फिरायला जाणारे काही लोक कळलावी या रानातल्या फुलवेलीचे कंद उपटून घरी आणतात, बघून फार वाईट वाटतं. ओळखायला सोपी आहे ती, पानाचं टोक स्प्रिंगसारखं वळून शेजारच्या झुडपाला धरतं, पाकळ्या नागमोडी, आधी हिरवट-पिवळ्या मग लालभडक. हवीच असेल तर नर्सरीतून कंद घ्या ना! जूनच्या सुरुवातीला पाणी न साचणाऱ्या मातीत आडवा लावायचा, कोंब जपायचा, चढायला काठी द्यायची, आणि पावसाळ्यानंतर वेल वाळली म्हणजे मेली असं नाही, कंद जिवंत असतो, फक्त पाणी बंद करा. आणि हो, कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं, सगळी वेलच विषारी, लहान मुलं आणि गुरं यांच्यापासून लांबच ठेवा.
- एक वाचक, पुणे