फ्रिस्कोला घर घेण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट सोडून टेक्ससमधल्या फ्रिस्कोला जायचं तुझं आणि वहिनींचं जवळजवळ ठरलेलं दिसतंय. कारणं दोन लिहिलीस: टॅक्स आणि राजकारण. बे एरिया, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा तुमचा पट्टा, सोडणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी हीच दोन असतात. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की खरं कारण तिसरंच निघतं, ते म्हणजे घराची किंमत. फ्रीमाँटला 15 लाख डॉलरला जे घर मिळतं, त्याहून मोठं फ्रिस्कोत 7 लाखांत येतं. 2022 या एका वर्षात लाखभर माणसं कॅलिफोर्नियातून टेक्ससला गेली. 2020 च्या जनगणनेनंतर प्रतिनिधिगृहातली कॅलिफोर्नियाची एक जागा पहिल्यांदाच कमी झाली आणि टेक्ससच्या दोन वाढल्या. एवढी माणसं निवडणुकीचे निकाल बघून ट्रक भरत नाहीत.

तरी टॅक्सचा हिशेब करूच. दोघांचा मिळून पगार 3 लाख डॉलर धरला, तर कॅलिफोर्नियाचा इन्कम टॅक्स साधारण 20,000 होतो. शिवाय राज्याच्या डिसॅबिलिटी विम्याची कपात 2025 साली 1.2 टक्के, म्हणजे 3,600. टेक्ससमध्ये दोन्ही शून्य, आणि 2019 पासून तिथल्या राज्यघटनेतच इन्कम टॅक्सला बंदी आहे. तुमच्यासारख्यांचे 23-24 हजार नक्की वाचतात. 1 लाखात संसार करणारं कुटुंब मात्र कॅलिफोर्नियात जेमतेम दोन-अडीच हजार भरतं. त्यांनी ‘टॅक्ससाठी गेलो’ म्हटलं, तर समजायचं की भाड्याला कंटाळून गेले.

आता प्रॉपर्टी टॅक्स. लोक फसतात ते इथेच. कॅलिफोर्नियात 1978 च्या प्रॉपोझिशन 13 या मतदारांनी मंजूर केलेल्या दुरुस्तीमुळे कर खरेदीच्या किमतीवर बसतो, मूळ दर 1 टक्का, आणि ती करपात्र किंमत वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढत नाही. टेक्ससमध्ये मूल्यांकन बाजारभावाने होतं. फ्रिस्कोच्या वसलेल्या भागात सगळे दर मिळून पावणेदोन टक्क्यांच्या आत बसतात. पण बाहेरच्या नव्या वसाहतींत पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी काढलेलं कर्ज घरमालकांच्याच डोक्यावर असतं. त्या यंत्रणेला म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट म्हणतात, बोलताना नुसतं ‘मड’. तिथे दर अडीच टक्क्यांपर्यंत चढतो. 7 लाखांच्या घराला 12,000 की 17,500, हे त्या एका शब्दावर ठरतं. एजंट आपणहून सांगेल याची वाट बघू नकोस, पहिल्या फोनलाच विचार.

जाहिरातीतला ‘मागच्या वर्षीचा कर’ तर मुळीच धरू नकोस. आधीचा मालक 65 च्या पुढचा असेल तर त्याचा शाळेचा कर गोठलेला असतो. शिवाय राहत्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढत नाही, तोही फायदा त्याच्याबरोबर जातो. नव्या बांधकामात याहून मजा आहे. 1 जानेवारीला तिथे नुसता प्लॉट असला तर पहिलं बिल प्लॉटचंच येतं, बँक त्यावरून एस्क्रो (कर आणि विम्यासाठी हप्त्याबरोबर घेऊन ठेवायची रक्कम) ठरवते, आणि पुढच्या वर्षी मॉर्गेजचा हप्ता एकदम हजारभर डॉलरने उडी मारतो. म्हणून पूर्ण किंमत गुणिले दर भागिले 12, एवढी रक्कम पहिल्या महिन्यापासून बाजूला टाकायची.

घर ताब्यात आलं की होमस्टेड एक्झम्प्शनचा, म्हणजे राहत्या घराच्या करसवलतीचा अर्ज काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (मूल्यांकन कचेरीकडे) लगेच भर. शाळेच्या करातून आता मूल्याचे 1,40,000 डॉलर वगळतात, म्हणजे वर्षाला साधारण 1,400 ची सूट. (ही सूट वाढवणाऱ्या टेक्ससच्या 2025 च्या घटनादुरुस्तीचा क्रमांकही योगायोगाने 13 च होता.) मात्र ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता लागतो, म्हणून आधी लायसन्स. कायद्याने त्याला 90 दिवस आहेत, पण गाडीच्या नोंदणीला 30 च. पुढे दर वसंतात मूल्यांकनाची नोटीस येईल. 15 मे किंवा नोटिशीपासून 30 दिवस, यांतलं जे नंतर येईल तोवर हरकत घेता येते. शेजारच्या सारख्या घरांचे भाव आणि दुरुस्तीच्या खर्चाचे अंदाज जोडले की बऱ्याचदा आकडा खाली येतो.

घरविम्याचा कागद वाचताना ‘वारा आणि गारा’ ही ओळ शोध. तिथलं डिडक्टिबल (नुकसानीतला आपण आधी भरायचा वाटा) डॉलरमध्ये नसतं, विमारकमेच्या टक्क्यांत असतं. 5 लाखांच्या विम्याला 2 टक्के म्हणजे छत बदलताना पहिले 10,000 तुझे. छताची भरपाई नव्या किमतीने की झिजलेल्या किमतीने, तेही विचार. जमीन चिकणमातीची आहे. उन्हाळ्यात ती आकसते, पावसात फुगते, आणि मग भिंतीला तिरक्या भेगा जातात, दारं अडकायला लागतात. म्हणून लोक पायाच्या कडेने झिरपनळी टाकून घराला पाणी घालतात. हसू नकोस, झाडांइतकंच नेमाने घालतात.

शेअर्सची गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नकोस. निघाल्या दिवशी कॅलिफोर्निया हात सोडत नाही. कंपनीने शेअर्स देऊ केल्यापासून (म्हणजे ग्रँटपासून) ते व्हेस्ट होईपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष तुझ्या मालकीचे होईपर्यंत, जितके कामाचे दिवस कॅलिफोर्नियात गेले, त्या प्रमाणात ते उत्पन्न तिथलं धरतात. चार वर्षांच्या ग्रँटमधली दोन फ्रीमाँटला गेली असतील, तर टेक्ससमध्ये व्हेस्ट झालेल्या 1 लाखातले 50,000 तिथे करपात्र. आणि दर ठरतो तो तुझ्या एकूण उत्पन्नावरून. त्यासाठी 540एनआर हा राज्याबाहेर राहणाऱ्यांचा टॅक्स फॉर्म पुढची काही वर्षं भरावा लागेल. टेक्ससमध्ये बसून केलेल्या कामाच्या पगारावर मात्र कॅलिफोर्निया हक्क सांगत नाही, कंपनी बे एरियातली असली तरी. फक्त पेरोलमध्ये कामाचं राज्य बदलून घे, नाहीतर कपात चालूच राहील आणि परताव्यासाठी वर्षभर थांबावं लागेल.

वहिनी अजून एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत ना? त्यांच्यासाठी क्रम चुकवून चालणार नाही. कामाची जागा दुसऱ्या महानगर क्षेत्रात जात असेल, तर नवी एलसीए (पगार आणि कामाच्या जागेबद्दल कंपनीने कामगार खात्याकडे करायचा अर्ज) आणि व्हिसाचा सुधारित अर्ज दाखल झाल्याशिवाय तिथून काम सुरू करता येत नाही. घरून काम असलं तरी हेच. ग्रीनकार्डसाठी पर्म, म्हणजे कामगार खात्याची मंजुरी मिळवायची पहिली पायरी, चालू असेल तर तीही त्या जागेशीच बांधलेली असते, बहुधा नव्याने करावी लागते. आय-140, म्हणजे पुढचा कंपनीचा अर्ज, मंजूर असेल तर प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, तेवढी टिकते. पत्ता बदलल्यावर 10 दिवसांत एआर-11 हा पत्ताबदलाचा फॉर्म, तुमच्यातल्या ज्यांच्याकडे नागरिकत्व नाही त्या प्रत्येकाचा.

राहिलं राजकारण. टीव्हीवरचं सोड, घराला लागणारं तेवढं बघ. ऑगस्ट 2022 पासून टेक्ससमध्ये गर्भपात करणं डॉक्टरसाठी गंभीर गुन्हा आहे. अपवाद फक्त आईच्या जिवाला किंवा शरीराच्या मोठ्या कार्याला धोका असेल तर. घरात आणखी मूल हवं असेल किंवा मुलगी मोठी होत असेल, तर याचा विचार दोघांनी आधी करायचा, आणि त्यात वहिनींचं मत मोठं. तुझ्या करारातलं नॉन-कम्पीट (नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत न जाण्याचं कलम) कॅलिफोर्नियात रद्दी असतं, टेक्ससमध्ये वाजवी असलं तर कोर्ट ते धरतं. म्हणून नव्या राज्याचा करार सही करण्याआधी वकिलाला दाखव. आणि मुलीच्या शाळेबद्दल: टेक्ससच्या 1997 च्या कायद्याने वर्गातल्या वरच्या 10 टक्क्यांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो, पण ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठासाठी 2026 पासून ती मर्यादा 5 टक्के आहे. फ्रिस्कोसारख्या चुरशीच्या शाळांत ते 5 टक्के म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको. अकरावीत शाळा बदलली तर तिचे आधीचे ग्रेड रँकमध्ये कसे धरतील, हे शाळेकडून लेखी घे.

मार्चमध्ये घरं बघायला जाशील तर हवा बघून भुलशील. एक खेप ऑगस्टमध्ये कर, दुपारी तीन वाजता, आणि दाखवायला आलेल्या घराचं मागच्या उन्हाळ्याचं विजेचं बिल माग. त्याआधी तुझ्या सगळ्या ग्रँटच्या तारखा एका कागदावर लिहून पाठव, कॅलिफोर्नियाचा वाटा किती निघतो ते मांडून देतो.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
विनू