ओला माल फेकू नका

प्रिय बेटा,

परवा फोनवर मी जरा तोडूनच बोलली, मनाला लावून घेऊ नको. मामाजी समोरच बसून होते, स्पीकरवर सगळं ऐकून राहिले होते, आणि तू "इन्शुरन्स ब्रोकर व्हायचं" म्हटल्याबरोबर ते म्हणाले, एम.कॉम. करून पोट्टी आता पॉलिश्या विकत फिरन काय, अन् मलाही काही सुचलं नाही, मी पण तेच बोलून मोकळी झाली. मग रात्रभर झोप नाही. आता दुकानात बसून हे टाइप करून राहिली, मधेच कोणी झेरॉक्सला आलं की उठते, त्यामुळे कुठे तुटक वाटलं तर समजून घे.

खरं सांगू का, या धंद्याबद्दल आपल्या घरात कोणाला कळत असेल तर मलाच थोडंफार कळते, आणि तेही पैसे मोजून.

२३ सप्टेंबर २०२३ ची, नागपूरच्या पुराची पहाट तू पाहिली नाही, तू पुण्यात होती, तुला फक्त फोटो आले. तीन-चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदी सरळ रस्त्यावर. मोरभवनात बसेस पाण्यात उभ्या होत्या. आम्ही दुकानापर्यंत पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील, शटर उघडलं तर खालचे तीन खण गेलेले, ए-फोरचे गठ्ठे पावासारखे फुगलेले, जर्नल्स, रजिस्टर, ड्रॉइंग शीट सगळा लगदा, दोन्ही झेरॉक्स मशीनच्या पोटात गाळ. वास तर असा की उभं राहवत नव्हतं. तुझे बाबा म्हणाले आधी हे बाहेर काढू, मग आम्ही दोघांनी ढिगच्या ढीग रस्त्यावर टाकला आणि महापालिकेची गाडी आली ती उचलून घेऊन पण गेली.

तेवढ्यात बाजूच्या होलसेल कागदवाल्यांकडे एक पोरगा आला, तुझ्याच वयाचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांच्या ब्रोकरच्या ऑफिसातला. त्यानं आधी काही हात नाही लावला, मोबाईल काढून कोपरान् कोपरा शूट केला, भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढलं ती रेघ पण, मग वही काढून गठ्ठे मोजायला लागला. माझ्याकडे बघून ओरडला, "काकू, ओला माल फेकू नका, सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत ठेवा!" सर्व्हेअर म्हणजे नुकसान मोजायला विमा कंपनी पाठवते तो माणूस. मी त्या पोराची कोणी नव्हती बरं का. माझी पॉलिसी बँकेतून आलेली, सीसी लोनसोबत (दुकानातल्या मालावर घेतलेलं कर्ज), प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर तीन वर्षांत मी उघडलं नव्हतं. अर्धा माल तर गाडीत गेलाच होता, पण उरलेला मी त्या पोरामुळे ठेवला, आणि क्लेममध्ये जे काही मिळालं ते त्या उरलेल्या ढिगामुळेच जास्त मिळालं.

आता पैशाचं सांगते, कारण हे मी बाबांशिवाय कोणाला सांगितलं नाही. पॉलिसीत माल लिहिला होता ८ लाखांचा. पण जूनमध्ये शाळांचा माल भरलेला, त्यात दिवाळीच्या डायऱ्या, कॅलेंडर यायला सुरुवात झालेली, आणि बँकेला दर महिन्याला जे स्टॉक स्टेटमेंट देते त्यात मीच १२ लाख लिहिले होते. सर्व्हेअरनं तेच स्टेटमेंट मागून घेतलं. म्हणाला, मॅडम, बारातल्या आठचाच विमा आहे, म्हणजे नुकसान पण त्याच हिशोबानं, तीनातले दोन भाग. साडेचार लाखांचं नुकसान धरलं त्याचे ३ लाख झाले, वरून त्यांची ठरलेली कपात. थोडंफार कमी असतं तर चालून गेलं असतं म्हणे, माझ्यासारख्या छोट्या दुकानाच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंत सूट असते, पण माझं तर ३३ टक्के कमी निघालं. आणि मशीनचं शून्य. कारण पॉलिसीत मशीन लिहिलेल्याच नव्हत्या, फक्त "स्टेशनरीचा साठा".

त्या सर्व्हेअरवर मी खूप चिडली होती, पण तो कागदाप्रमाणे बरोबर होता. चूक झाली ती तीन वर्षं आधी, जेव्हा बँकेतल्या एका मुलानं फॉर्मवर पेन्सिलनं फुल्या मारून दिल्या आणि मी त्या फुल्यांवर सह्या केल्या. त्यानं एकदाही विचारलं नाही की काकू दुकानात मशीन आहे का, सीझनला माल किती चढते. बाजूच्या कागदवाल्यांना त्यांचा ब्रोकर दर सीझनला फोन करून हेच विचारायचा. इतकंच विचारायचा. त्यांचा क्लेम जवळजवळ पूर्ण निघाला.

म्हणून मामाजी काही म्हणोत. त्यांच्या डोक्यात एकच माणूस बसला आहे, तो कॉलनीतला एजंट, जो दर मार्चमध्ये टॅक्स वाचवा म्हणून येते आणि ज्याच्याकडून त्यांनी तीन पॉलिश्या भिडेखातर घेतल्या आहेत. तू फोनवर सांगितलं तेव्हा मला फरक नीट कळला की एजंट हा कंपनीचा माणूस, आणि ब्रोकर कायद्यानं गिऱ्हाइकाचा, तो चार कंपन्यांचे भाव काढून सांगते आणि क्लेमच्या वेळी आपल्या बाजूनं भांडते. पण एक गोष्ट तू पटकन बोलून पुढे गेली, ब्रोकरला पैसे कंपनी देते. बेटा, तिथे मी अडकली.

तुझे आजोबा संत्री घेऊन नागपूरच्या मार्केटला यायचे ना, तेव्हा अडत्या म्हणायचा, पाटील मी तुमचाच माणूस. माल तो आजोबांचा विकायचा, पण चहा व्यापाऱ्याच्या गादीवर बसून प्यायचा. आजोबा आयुष्यभर म्हणत राहिले की अडत्या वाईट नव्हता हो, पण भाव पडला की त्याला माझ्यापेक्षा व्यापाऱ्याचीच फिकीर जास्त, कारण मी वर्षातून एकदा येणार आणि व्यापारी रोजचा. तुझं पण तसंच होणार. दुकानदार वर्षातून एकदा भेटन, कंपनीचा मॅनेजर रोज भेटन, टार्गेट झालं की तुला जेवायला पण नेईल. मग एखाद्या दिवशी जास्त कमिशनवाली पॉलिसी आणि बरी पॉलिसी अशा दोन्ही टेबलावर असतील आणि समोर माझ्यासारखी फोल्डर न उघडणारी बाई बसली असन. त्या दिवशी तू काय करशील ते मला आज नको सांगू, तुलाच माहीत नसन.

बाकी व्यवहाराचं. बालेवाडीच्या इन्शुरन्स अकॅडमीची ब्रोकरची परीक्षा दे म्हणजे दे, ट्रेनिंगचे पैसे मी पाठवते. स्वतःची ब्रोकिंग कंपनी वगैरे सध्या डोक्यातून काढ, तूच म्हणाली की साध्या डायरेक्ट ब्रोकरच्या लायसन्सला पण ७५ लाखांचं भांडवल लागते, आपला बेसाचा फ्लॅट विकला तरी तेवढे जमणार नाहीत, अन् विकायचा पण नाही. चार-पाच वर्षं कोणाकडे तरी नोकरी कर. पगार कमी असन तर असू दे.

आणि नुसत्या गाड्या, मेडिक्लेममध्ये राहू नको, ते आता लोकं मोबाईलवर दोन मिनिटांत काढून घेतात. (त्यातही काय काढलं ते वाचत नाहीत. आपल्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी पुराच्या दिवशी पाण्यात गाडी स्टार्ट केली, इंजिन बसलं, आणि इंजिनचं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं कव्हर, घेतलेलं नव्हतं, काही नाही मिळालं.) फायरचं शिक, मरीनचं, म्हणजे मालाच्या वाहतुकीच्या विम्याचं शिक. विदर्भात जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचे कारखाने, किती आहेत बघ, कापसात एखादा लोखंडाचा तुकडा आला, ठिणगी उडाली की संपलं, गाठीच्या आत आग धुमसत राहते आणि वरून दिसत पण नाही. बुटीबोरी, हिंगण्याला कारखाने आहेत, त्या मालकांना वाटते फायर पॉलिसी आहे म्हणजे मशीन बिघडली तरी चालन, ते वेगळं घ्यावं लागते हे त्यांना मशीन बंद पडल्यावर कळते. तिथे समजावून सांगणारं माणूस पाहिजे, आणि मराठीत.

नातेवाईक कमिशनमधलं थोडं परत दे म्हणतील. पहिले मामाजीच म्हणतील, लिहून ठेव. विम्याच्या कायद्यात ते बंद आहे ना, कलम ४१, दहा लाखांपर्यंत दंड? मग तसंच सांग तोंडावर, मी सांभाळून घेईन त्यांना.

आता माझं काम. दुकानाच्या पॉलिसीचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात १४ ला आहे. बँकवाले आमच्याकडूनच घ्या म्हणतात, तू म्हणाली तसं बंधन नाही. या वेळी फोल्डर उघडलं मी, सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवून राहिली, सात नंबरचं पान थोडं हललं आहे. नवीन झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचं मशीन, इन्व्हर्टर आणि दिवाळीच्या वेळचा जास्तीत जास्त माल, हे चारही त्यात आहे की नाही बघ. काही समजलं नाही तर तुझ्या सरांना विचार, पण अंदाजे सांगू नको. १० तारखेच्या आधी फोन कर, दुपारी, तेव्हा गर्दी नसते.

तुझी,
आई