विममधला टॅब आणि १६ हा आकडा: एक आभारपत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपण फोनवर जवळजवळ दीड तास दिलात आणि मी नुसते ‘थँक्यू सर’ म्हणून फोन ठेवला, याची रुखरुख लागून राहिली. म्हणून हे पत्र, आणि देवनागरी फाइलनावांशी झगडणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडावे म्हणून ते उघड.

अनुवादाच्या टिपणांसाठी मी विममध्ये, म्हणजे मी मजकूर लिहायला वापरते त्या संपादक-प्रोग्राममध्ये, ‘टीप’ ही स्वतःची आज्ञा केली होती (नाव अर्थात रोमन लिपीत, टी-आय-पी, पहिले अक्षर मोठे, त्याशिवाय विम ते स्वीकारत नाही). पहिला शब्द टिपणाचे नाव, दुसरा त्यातला विभाग, आणि दोन्ही टॅब दाबताच पुरे व्हावेत, एवढेच मला हवे होते. प्रत्यक्षात काहीही टाइप केले तरी सगळ्या फाइलींची यादी समोर येई. आज्ञा बनवताना शब्द पुरा करण्याचा प्रकार ‘कस्टम’ दिला तर न जुळणारी नावे गाळणारी चाळणी विम लावतो, ‘कस्टमलिस्ट’ दिला तर ती आपल्या फंक्शनलाच (नावांची यादी देणाऱ्या, आपण लिहिलेल्या कोडच्या तुकड्याला) लावावी लागते, हा फरक आपण दोन वाक्यांत सांगितलात. मला नावाच्या मधला तुकडाही जुळायला हवा होता, त्यामुळे ‘कस्टमलिस्ट’ कायम ठेवून चाळणी माझ्या फंक्शनमध्येच घालायची, असे ठरले.

खरा गुंता पुढचा होता. फंक्शनला विम तीन गोष्टी देतो: अर्धवट टाइप केलेला शब्द, संपूर्ण आज्ञा-ओळ आणि कर्सरची जागा. कर्सर पहिल्या शब्दावर आहे की दुसऱ्या, हे ओळखण्यासाठी मी ती ओळ कर्सरपाशी तोडत होते. रोमन नावांना सगळे सुरळीत चाले. पण ‘पाणी’ या टिपणापुढे ‘स्रोत’ हा विभाग लिहून कर्सर पुन्हा ‘पाणी’च्या शेवटी आणला आणि टॅब दाबला, की फाइलींऐवजी विभागांची नावे येत. आपण कोड मागितला नाहीत. ‘कर्सरची जागा म्हणून कोणता आकडा येतो तो आधी छापून बघा’, एवढेच म्हणालात. आकडा आला १६. मी बोटांवर मोजले: आज्ञेची तीन अक्षरे, एक मोकळी जागा आणि ‘पाणी’ची, काना-वेलांटी सुटी धरून, चार चिन्हे, म्हणजे आठ. तेव्हा आपण हसलात आणि म्हणालात, ‘आता प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट धरा.’ बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचे एकक; रोमन अक्षराला आणि मोकळ्या जागेला एकच पुरतो. तीन, एक आणि बारा मिळून सोळा झाले. विम बाइट मोजत होता आणि मी ओळ तोडायला चिन्हे मोजणारे फंक्शन वापरले होते, त्यामुळे सोळा चिन्हे तोडताना ‘स्रोत’सकट सगळी ओळच हाती येई आणि माझा हिशेब कर्सर दुसऱ्या शब्दावर असल्याचे सांगे. त्या जागी बाइट मोजणारे ‘स्ट्रपार्ट’ घालताच फाइलींची नावे आली.

विमच्या मदत-मजकुरात ‘बाइट इंडेक्स’ हे दोन शब्द कंसात लिहिलेले आहेत आणि मी ते पान निदान चारदा वाचले होते. तयार ओळ पाठवली असतीत तर ती चिकटवून मी मोकळी झाले असते आणि पुढच्या फंक्शनमध्ये तीच चूक केली असती. त्याऐवजी आपण माझ्या मोजणीची वाट पाहिलीत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

त्या ओळीच्या डोक्यावर आता शेरा आहे: ‘पाणी = १२’. विभागांची यादी अजून थोडी अडखळते, पण तिच्यासाठी पुढचा रविवार मागणार नाही. आधी आकडे छापून पाहते.

आपली नम्र,
एक अनुवादक