सुध्यास पत्र: गाय घेण्याआधी दावणीत काय पडणार ते बघ

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचला. मुंबई सोडून गुहागरला येतोयस, पडका गोठा परत उभा करतोयस, ऐकून इतकं बरं वाटलं की फोन न करता सरळ लिहायलाच बसलो. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची परदेशी गाय) घेऊ की जर्सी असं विचारतोयस, पण आधी मला सांग तिला घालणार काय? माझी सगळी नोकरी ह्याच एका प्रश्नात गेली रे, आणि अजूनही तोच पहिला विचारावासा वाटतो.

आपल्याकडची गुरं दोरीवरचे कपडे चघळायची, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, पडलेली हाडं तोंडात धरून उभी राहायची, आठवतं ना? घरचे म्हणायचे खोड आहे. दापोलीला ॲग्रीला असताना आमच्या सरांनी आर्नोल्ड थायलरबद्दल सांगितलं आणि मी ह्याच विषयात अडकलो. मूळचा स्वित्झर्लंडचा व्हेटर्नरी डॉक्टर, १८९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथं शेतावरच्या मशीनमध्ये डावा हात गमावला, तरी काम सोडलं नाही, १९०८ मध्ये प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टपोर्टची मोठी संशोधन संस्था उभी केली. (त्याचा मुलगा मॅक्स, पिवळ्या तापाची लस काढून १९५१ चं नोबेल मिळवणारा.) तिकडं गुरं लुळी पडून मरायची. थायलरने शोधून काढलं की गवतात फॉस्फरस नाही म्हणून ती मेलेल्या जनावरांची हाडं चघळतात आणि सडक्या हाडांमधलं विष पोटात जातं. हाडांचा चुरा खायला दिला तर चघळणं थांबलं, वर वजन आणि दूधही वाढलं. म्हणजे जनावर वेडं नव्हतं, उपाशी होतं, पोट भरलेलं असून उपाशी!

आता आपला जांभा, कोकणातला लाल दगड आणि त्याची माती, बघ. त्यातलं लोखंड आणि ॲल्युमिनियम फॉस्फरस धरून ठेवतात, चुना पावसात वाहून जातो, मग त्या मातीतल्या गवतात आणि पेंढ्यात फॉस्फरस येणार कुठून? भाताच्या पेंढ्यात प्रोटीन ३-४ टक्के, न पचणारी सिलिका भरपूर, ऑक्झलेट नावाचा घटक असल्यामुळे कॅल्शियमसुद्धा नीट लागत नाही. एवढ्यावर एचएफ बांधलीस तर ती दूध कशातून काढणार, स्वतःच्या हाडांतून! मला ह्याचा खरंच त्रास होतो रे, लोक कर्ज काढून गाय आणतात आणि वर्षभरात ती नुसती बरगड्यांवर येते, मग दोष गाईला.

म्हणून गिरणीतला भाताचा कोंडा विकू नकोस. त्यात फॉस्फरस भरपूर असतो, कोंबडीला तो नीट पचत नाही पण गाईच्या पोटातले जिवाणू तो सोडवून घेतात, ही गोष्ट मला आजही थोर वाटते. फक्त ताजा घाल, त्यातलं तेल लवकर खवट होतं. कोंड्यात कॅल्शियम कमी म्हणून मिनरल मिक्श्चर हवंच, मोठ्या गाईला दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास.

आणि पेंढा मुरव. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबायचा, प्लास्टिकने हवाबंद करून २१ दिवस ठेवायचा. पेंढा मऊ होतो, प्रोटीन जवळजवळ दुप्पट. घालायच्या आधी थोडा वेळ पसरून ठेव म्हणजे अमोनियाचा वास उडेल, आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नको. वैनीला युरियाची भीती वाटेल, ती योग्यच आहे, नुसता युरिया गाईच्या तोंडी लागला तर ती मरते, पोतं कुलपात ठेव. पण मुरवलेला चालतो कारण जिवाणू त्या नायट्रोजनपासून स्वतः प्रोटीन बनवतात. फिनलंडच्या विर्टानेनने, १९४५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेला, खाद्यात प्रोटीनऐवजी युरिया आणि अमोनियाचे क्षार देऊन गाईंचं दूध काढून दाखवलं होतं.

माझं मत विचारशील तर पहिल्या वर्षी कोकण कपिला, आपली कोकणातली देशी गाय, हीच घे. दूध कमी देईल पण आपला पाऊस, आपला सडा तिला माहीत आहे, अंगाने लहान म्हणून वैरणही कमी लागते. तोवर विहिरीच्या कडेला नेपियर गवत लाव, बांधावर पाल्यासाठी गिरिपुष्पाची झाडं लाव. हिरवा चारा बारा महिने जमला की मग क्रॉसब्रीडचं (संकरित गाईचं) बोलू, तेव्हा मी स्वतः तुझ्याबरोबर गाय बघायला येईन.

भात झोडून झालं असेलच. पेंढा विकायला देऊ नकोस, आणि युरिया आणलास की फोन कर, पहिला थर आपण दोघं मिळून घालू.

तुझा,
मंद्या